कविता लिहिली म्हणून देश सुटतो, तो कसा?

२३ फेब्रुवारी २०२२ ला मॉस्कोत दार्या सेरेंको ही कवयित्री १५ दिवसांची कोठडी भोगून बाहेर आली. गुन्हा काय, तर इन्स्टाग्रामवरची एक पोस्ट, तिच्यात विरोधी नेते नवाल्नी यांच्या मतदान मोहिमेचं चिन्ह होतं. दुसऱ्या दिवशी पहाटे रशियन फौजा युक्रेनमध्ये घुसल्या. २५ तारखेला तिनं आणि तिच्यासारख्याच काही जणींनी मिळून 'स्त्रीवादी युद्धविरोधी प्रतिकार' नावाची चळवळ जाहीर केली, आणि मार्चमध्ये तिला देश सोडून जॉर्जियाला जावं लागलं, तिथून पुढे स्पेनला. तिशीही गाठली नव्हती तिनं तेव्हा.

अशा बातम्या आपण वाचतो, हळहळतो आणि पुढे सरकतो, पण हे होतं कसं ते कोणी नीट सांगत नाही. म्हणजे कवितेसाठी माणूस देशोधडीला लागतो म्हणजे नक्की काय होतं, कुठला कायदा लागतो, पासपोर्टचं काय होतं, आणि एवढं सगळं झाल्यावर बाहेर बसून लिहिलेल्या कवितेचा उपयोग तरी काय.

जुनी पद्धत समजायला सोपी होती. सोव्हिएत काळात सरकारला नकोसा झालेला कवी सरळ बाहेर काढला जायचा. जोसेफ ब्रॉडस्कीवर १९६४ मध्ये 'ऐतखाऊ' म्हणून खटला चालला, कारण कविता लिहिणं हे सरकारच्या लेखी काम नव्हतंच, आणि १९७२ मध्ये त्याला व्हिएन्नाच्या विमानात बसवून देण्यात आलं, तो परत कधीच मायदेशी आला नाही, मधे १९८७ चं नोबेलसुद्धा मिळालं तरी नाही. आता तसं कोणी विमानात बसवत नाही. आता एवढंच करतात की राहणं अशक्य व्हावं, मग माणूस आपल्या पायांनी जातो आणि सरकार म्हणायला मोकळं की बघा, गेली पळून.

हे अशक्य करण्याचं काम मुख्यतः दोन कायदे करतात.

पहिला ४ मार्च २०२२ चा, म्हणजे युद्ध सुरू होऊन जेमतेम आठवडा उलटला होता. त्याआधीच सरकारी नियंत्रकानं माध्यमांना बजावलं होतं की याला 'युद्ध' म्हणायचं नाही, 'आक्रमण' म्हणायचं नाही, ही 'विशेष लष्करी कारवाई' आहे. नव्या कायद्यानं त्याला शिक्षेची धार लावली. सैन्याबद्दल 'जाणूनबुजून खोटी माहिती' पसरवली तर १५ वर्षांपर्यंत तुरुंग. खोटी म्हणजे काय हे कोण ठरवणार? कोर्टात व्यवहारात असं चालतं की संरक्षण मंत्रालय जे म्हणालं ते खरं आणि त्याच्याशी न जुळणारं सगळं खोटं. दुसरं कलम 'सैन्याची बदनामी' करण्याबद्दलचं. पहिल्यांदा सापडलात तर ३० ते ५० हजार रूबल दंड, वर्षाच्या आत परत तेच केलं तर थेट फौजदारी. हे दोन टप्प्यांचं गणित नीट लक्षात घ्या, कारण पहिला दंड झाला की पुढचं वर्षभर माणूस एक पोस्ट, एक कविता, एक कमेंट टाकताना दहा वेळा विचार करतो, आणि तोंडं बंद व्हायला तेवढं पुरतं.

साशा स्कोचिलेंको या चित्रकार मुलीचं उदाहरण घ्या. ३१ मार्च २०२२ ला सेंट पीटर्सबर्गच्या एका सुपरमार्केटमध्ये तिनं किमतीची पाच लेबलं काढली आणि त्या जागी तशीच दिसणारी पाच चिठ्ठ्या लावल्या, एकीवर लिहिलं होतं की रशियन सैन्यानं युक्रेनमधल्या मारियुपोल शहरातल्या आर्ट स्कूलवर बॉम्ब टाकला, जिथे सुमारे ४०० लोक आसऱ्याला होते. एका ग्राहकानं तक्रार केली. नोव्हेंबर २०२३ मध्ये ७ वर्षांची शिक्षा झाली. (ती १ ऑगस्ट २०२४ च्या कैद्यांच्या अदलाबदलीत सुटली, नाहीतर आजही आत असती.) पाच चिठ्ठ्या, सात वर्षं. हे ज्यानं पाहिलंय तो कवी घरात बसून काय करेल सांगा.

दुसरा कायदा 'परदेशी एजंट'चा. सुरुवात २०१२ मध्ये झाली, तेव्हा तो परदेशातून पैसे घेणाऱ्या संस्थांसाठी होता. मग माध्यमं आली, मग सुट्या व्यक्ती आल्या, आणि डिसेंबर २०२२ पासून तर परदेशातून एक पैसाही आलेला असायची गरज उरली नाही, 'परदेशी प्रभावाखाली' आहात असं न्याय मंत्रालयाला वाटलं की झालं. ही यादी सहसा शुक्रवारी जाहीर होते. सेरेंकोचं नाव जानेवारी २०२३ मध्ये आलं, तिच्या चळवळीचं त्याच्या महिनाभर आधी.

यादीत नाव आलं की काय होतं? तुम्ही जे काही जाहीरपणे लिहाल, अगदी मांजराच्या फोटोखालची ओळसुद्धा, त्यावर एक ठरावीक मोठा मजकूर लावायचा, की हे साहित्य परदेशी एजंटनं तयार केलंय. चार ओळींची कविता असली तर शिक्का कवितेपेक्षा लांब होतो. सरकारला ठरावीक काळानं हिशोब द्यायचा. मुलांना शिकवायचं नाही, सरकारी नोकरी नाही, सरकारी पैशावरचा कार्यक्रम नाही. पुस्तक दुकानात असलंच तर प्लास्टिकमध्ये गुंडाळून, वर १८+ लिहून. मार्च २०२५ पासून आणखी एक भर पडली, रशियात मिळणारी रॉयल्टी किंवा घरभाडं एका खास खात्यात जमा होतं आणि यादीतून नाव निघेपर्यंत त्यातला रूबलही काढता येत नाही. यातला नियम मोडून एकदा दंड झाला आणि परत मोडला की इथेही फौजदारी. म्हणजे कवितेवर बंदी कुठेही लिहिलेली नाही, पण कवितेवर जगणाऱ्या माणसाची एकेक वाट पद्धतशीर बंद केलेली आहे, आणि मला तरी हे उघड बंदीपेक्षा जास्त क्रूर वाटतं.

आता निघणं. २०२२ च्या वसंतात हे किती अवघड होतं ते आज विसरायला झालंय. फेब्रुवारी संपतानाच युरोपियन युनियननं रशियन विमानांना आकाश बंद केलं. मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात व्हिसा आणि मास्टरकार्ड बंद झाले, म्हणजे रशियन बँकेचं कार्ड बाहेर गेल्यावर प्लास्टिकचा तुकडा. उरले काय, तर जिथे व्हिसा लागत नाही असे देश: जॉर्जिया, आर्मेनिया, तुर्कस्तान, सर्बिया. जॉर्जियाच्या तिबिलिसीत आणि आर्मेनियाच्या येरेवानमध्ये काही महिन्यांत रशियन लेखक, पत्रकार, नाटकवाले यांची अख्खी वस्ती उभी राहिली. आणि तिथे सगळे हार घेऊन उभे होते असं अजिबात नाही. जॉर्जियावर २००८ मध्ये रशियानंच हल्ला केला होता, देशाचा पाचवा हिस्सा अजून रशियाच्या ताब्यात आहे, त्यामुळे तिबिलिसीच्या भिंतींवर 'रशियनांनो, घरी जा' लिहिलेलं असायचं, आणि ते वाचत युद्धाला विरोध करणारी कवयित्री भाड्याची खोली शोधत फिरायची. तिला ते लागत असणारच, पण भिंतीवर ते लिहिणाऱ्याचंही चूक म्हणता येत नाही, दोन्ही खरं आहे.

एवढं करून बाहेर पडलं की सुटका होते का? तर तीही अर्धवटच. खटला गैरहजेरीत चालतो, शिक्षा गैरहजेरीत होते, टीव्हीच्या लाइव्ह बातम्यांमध्ये युद्धविरोधी फलक घेऊन घुसलेल्या मारिना ओव्सियानिकोवाला अशीच गैरहजेरीत साडेआठ वर्षं झाली. फेब्रुवारी २०२४ च्या कायद्यानं अशा प्रकरणात मालमत्ता जप्त करायचीही सोय केली. शिवाय आईवडील मागेच असतात. म्हातारी आई आजारी पडली तरी जाता येत नाही, अंत्यविधी व्हिडिओ कॉलवर बघायचा, आणि फोनवर बोलतानाही जपून, कारण ऐकणारा कोण ते माहीत नाही.

मग कशाला लिहायचं? इथे थोडं मागे जायला हवं, कारण हा प्रश्न याआधी एका बाईनं अंगावर घेऊन दाखवलाय.

नताल्या गोर्बानेव्स्काया. कवयित्री, अनुवादक. ऑगस्ट १९६८ मध्ये २० आणि २१ तारखेच्या मधल्या रात्री सोव्हिएत रणगाडे चेकोस्लोव्हाकियात शिरले, आणि सोव्हिएत वर्तमानपत्रांनी छापलं की अख्ख्या जनतेचा याला पाठिंबा आहे. २५ ऑगस्टला, रविवारी, दुपारी बाराच्या ठोक्याला आठ माणसं मॉस्कोच्या लाल चौकात येऊन बसली. गोर्बानेव्स्काया तीन महिन्यांच्या बाळाला बाबागाडीत घालून आल्या होत्या, आणि फलक आणि चेकोस्लोव्हाकियाचा छोटा झेंडाही त्याच बाबागाडीतून आला. एका फलकावर होतं, 'तुमच्या आणि आमच्या स्वातंत्र्यासाठी'. ही घोषणा एकोणिसाव्या शतकात रशियाच्या झारविरुद्ध उठलेल्या पोलिश लोकांची, आणि ती मॉस्कोत रशियन माणसांनी हातात धरली होती. काही मिनिटांतच साध्या कपड्यातले लोक धावत आले, फलक फाडले, व्हिक्टर फाइनबर्गचे पुढचे दात पाडले, सगळ्यांना गाडीत कोंबलं.

त्यांतल्या पाच जणांना छावणी किंवा दूरच्या भागात सक्तीची रवानगी अशा शिक्षा झाल्या. फाइनबर्गला दात पाडलेल्या तोंडानं कोर्टात उभं करणं अडचणीचं होतं, त्याला मनोरुग्णालयात पाठवलं. गोर्बानेव्स्कायांना लहान बाळामुळे तेव्हा सोडलं. सुटल्यावर त्या गप्प बसल्या का? त्याच वर्षी एप्रिलमध्ये सुरू झालेल्या 'चालू घटनांची बखर' या गुप्त पत्रिकेच्या त्या पहिल्या संपादक होत्या. टाइपरायटरवर, पातळ कागदांच्या मधे कार्बन ठेवून, एका वेळी जेवढ्या प्रती निघतील तेवढ्या काढायच्या, ज्याला मिळेल त्यानं परत टाइप करून पुढे द्यायच्या. कुणाला कधी पकडलं, झडतीत काय नेलं, कुठल्या तुरुंगात कोण उपोषणाला बसलंय, इतकंच, विशेषणं नाहीत, आरडाओरडा नाही. डिसेंबर १९६९ मध्ये त्यांना अटक झाली आणि 'संथगती स्किझोफ्रेनिया' असं निदान करून कझानच्या विशेष मनोरुग्णालयात टाकलं. हा आजार सोव्हिएत मानसोपचारानं असा काही व्यापक करून ठेवला होता की सरकार बदलायला हवं असं वाटणं हेसुद्धा लक्षणात बसायचं. फेब्रुवारी १९७२ मध्ये सुटका, डिसेंबर १९७५ मध्ये देश सोडला, मग पॅरिस. नागरिकत्व नाही, तीस वर्षं बाई कुठल्याच देशाच्या नव्हत्या, शेवटी २००५ मध्ये पोलंडनं नागरिकत्व दिलं. घोषणा पोलंडची होती, घर पण शेवटी पोलंडनंच दिलं!

त्या आठ जणांनी रणगाडे थांबवले नाहीत. ते थांबतील असं त्यांनाही वाटत नव्हतं. त्यांनी केलं एवढंच की 'अख्ख्या जनतेचा पाठिंबा' हे वाक्य खोटं पाडलं. अख्ख्या जनतेतून आठ माणसं वजा झाली की ते अख्खी जनता राहत नाही. युद्धाला बंदुकीइतकीच 'आम्ही' या शब्दाची गरज असते, आम्ही हल्ला केला, आम्हाला हवंय, आमच्या आजोबांसाठी, आमच्या मुलांसाठी. कवयित्री काय करते, तर त्या 'आम्ही'मधून स्वतःला जाहीरपणे बाहेर काढते. माझ्या मते सरकारला भीती आहे ती या एका गोष्टीची, कवितेतल्या सुंदर प्रतिमांची नाही.

हे जवळून बघायचं तर झेन्या बेर्कोविचची एक कविता बघा. ती नाट्यदिग्दर्शक आणि कवयित्री, मॉस्कोतच राहिली, तिच्यावर दत्तक मुलींची जबाबदारी होती. रशियात ९ मे म्हणजे विजय दिन, दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत युनियनचे सुमारे २ कोटी ७० लाख लोक गेले, जवळपास प्रत्येक घरातलं कोणीतरी, त्यामुळे हा दिवस लोकांच्या काळजाजवळचा आहे. लोक आजोबा-पणजोबांचे फोटो घेऊन मिरवणुकीत चालतात. सरकारनं हेच दुःख उचललं आणि म्हटलं की आजचं युद्ध म्हणजे आजोबांच्याच लढाईचा पुढचा भाग. बेर्कोविचच्या कवितेत तो लढाईवर गेलेला आजोबा रात्री नातवाकडे येतो आणि अगदी प्रेमानं, लाडानं विनवतो की बाळा, माझ्याबद्दल फेसबुकवर काही लिहू नकोस, त्या झेड अक्षरासकट (रशियन रणगाड्यांवरचं हे अक्षर युद्धाच्या पाठिंब्याची खूण झालंय) नको आणि त्या अक्षराशिवायही नको. बास. घोषणा नाही, शिवी नाही. पण सरकारनं पळवलेला आजोबा तिनं घरी परत आणला. वाचणाऱ्याला स्वतःचा आजोबा आठवतो आणि मग टीव्हीवरचं भाषण पूर्वीसारखं ऐकू येत नाही.

बेर्कोविचला मे २०२३ मध्ये उचललं. आरोप कवितेचा लावलाच नाही. स्वेतलाना पेत्रीचुक या नाटककारासोबत तिनं केलेलं एक नाटक, सिरियातल्या कट्टर अतिरेक्यांच्या ऑनलाइन जाळ्यात फसलेल्या रशियन बायकांवरचं, ज्याला २०२२ मध्ये देशातला सगळ्यात मानाचा रंगभूमी पुरस्कार मिळाला होता, त्यात 'दहशतवादाचं समर्थन' सापडलं. सापडलं कोणाला, तर 'विध्वंसशास्त्र' नावाच्या विषयाच्या तज्ज्ञाला, आणि हा विषयही त्या तज्ज्ञानंच काढलेला. जुलै २०२४ मध्ये दोघींना ६-६ वर्षं. राहिली तर हे, गेली तर ते. म्हणून जे बाहेर गेले त्यांना भित्रे म्हणणाऱ्यांचं मला पटत नाही, आणि जे राहिले ते सरकारचे असंही नाही.

सेरेंकोकडे परत येऊया, कारण तिच्या लिखाणात एक वेगळी गोष्ट आहे. तिचं 'मुली आणि संस्था' हे पुस्तक २०२१ चं, युद्धाआधीचं. त्यात ग्रंथालयं, सांस्कृतिक केंद्रं, सरकारी कलादालनं अशा ठिकाणी तुटपुंज्या पगारावर काम करणाऱ्या मुली आहेत, ज्यांना खोटे आकडे भरायला लावतात, कार्यक्रमाला गर्दी दाखवायला लावतात, निवडणुकीत कामाला जुंपतात. वाचताना वाटतं की हे ऑफिसातल्या त्रासाबद्दल आहे. पण वर्षभरानं तिथेच, त्याच टेबलांवर, युद्धाची कागदपत्रं आली. सैन्यात पाठवायच्या याद्या, शाळेतले देशभक्तीचे तास, मुलांकडून सैनिकांना पत्रं, हे सगळं कोणीतरी टाइप करतं, शिक्का मारतं, फाइल करतं. रणगाडा चालवणारा एक असतो आणि त्याच्यामागे कागद फिरवणारे शेकडो. तिनं हे युद्धाच्या आधीच पाहून ठेवलं होतं.

तिच्या चळवळीची कामंही अशीच घरगुती पातळीवरची. 'झेन्स्काया प्राव्दा' (म्हणजे 'बायकांचं सत्य') नावाचं वर्तमानपत्र, जे घरी प्रिंट करून टपालपेटीत किंवा जिन्यात ठेवायचं, आणि ते दिसायला फुकट वाटल्या जाणाऱ्या स्थानिक पेपरसारखं, म्हणजे पाककृती, शब्दकोडं आणि त्यामध्येच युद्धाची खरी माहिती. इंटरनेट न वापरणाऱ्या आजीच्या हातात ते पडावं म्हणून. मारियुपोलमध्ये लोक आपल्या माणसांना बिल्डिंगच्या अंगणात पुरत होते, तर रशियातल्या शहरांच्या अंगणांमध्ये तसेच क्रूस उभे केले, सोबत मारियुपोलची माहिती. २०२३ चा आखेन शांतता पुरस्कार चळवळीला मिळाला, आणि २०२४ मध्ये रशियानं तिला 'अवांछित संघटना' ठरवलं. याचा अर्थ रशियात बसून तिला पैसे पाठवणं हा तुरुंगात जायचा गुन्हा, आणि तिच्यात भाग घेतला तर आधी दंड, परत घेतला तर तोही तसाच गुन्हा. त्यामुळे बाहेरच्या कवयित्रीची कविता आत वाचणाऱ्यानं शेअर करताना जो धोका पत्करलेला असतो तो बऱ्याचदा लिहिणारीपेक्षा मोठा असतो. इन्स्टाग्राम, फेसबुक मार्च २०२२ पासूनच बंद, व्हीपीएन लावून वाचायचं. लिनोर गोरालिक या लेखिकेनं २०२२ मध्येच युद्धविरोधी रशियन साहित्य-कलेचं एक ऑनलाइन नियतकालिक काढलं, फ्रीडम लेटर्ससारखे प्रकाशक बाहेर राहून रशियन पुस्तकं छापतात. कार्बन पेपरची जागा पीडीएफनं घेतली, पण पुढे पाठवणाऱ्याची छाती धडधडते ती तशीच.

आता एक गोष्ट, जी अशा लेखांत शेवटी एका ओळीत उरकतात आणि ते मला फार खटकतं. या सगळ्या कवयित्री हल्ला करणाऱ्या देशाच्या आहेत. ज्यांच्यावर बॉम्ब पडतायत त्या युक्रेनियन लेखकांचं अनेकदा म्हणणं असतं की आमचे लोक मरत असताना जगाचा माइक परत रशियन माणसाच्याच हातात का, तिच्या दुःखाबद्दलच का बोलायचं? मे २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या पेन या लेखकांच्या संस्थेच्या महोत्सवात यावरून मोठा वाद झाला, सैन्यात असलेले युक्रेनियन लेखक म्हणाले की रशियन लेखक असलेल्या महोत्सवात आम्हाला भाग घेता येणार नाही. यावर नाराज होण्याचा हक्क कोणाला आहे असं मला वाटत नाही. आणि युद्ध २०२२ मध्ये सुरू झालंच नाही, युक्रेनचा क्रिमिया रशियानं बळकावला आणि पूर्वेकडच्या दोनबासमध्ये लढाई पेटली ती २०१४ मध्ये, तेव्हा किती रशियन कवी बोलले? काही बोलले. मारिया स्तेपानोवाची 'प्राण्यांचं आणि जनावरांचं युद्ध' ही दीर्घ कविता २०१५ ची आहे, दोनबासच्या सावलीत लिहिलेली. गालिना रिम्बू, जन्मानं सैबेरियातल्या ओम्स्कची, २०१८ पासूनच युक्रेनमधल्या लविवला राहते, म्हणजे जन्मदेशाची क्षेपणास्त्रं तिच्याच डोक्यावर येतात. पण बरेच जण तेव्हा गप्प होते, आणि प्रामाणिक असलेले आज ते कवितेत कबूल करतात.

म्हणून कोणी विचारलं की यातलं काय वाचू, तर मी सेरेंको किंवा स्तेपानोवा आधी सांगणार नाही. आधी व्होलोदिमिर वाकुलेंको वाचा. इझ्यूमजवळच्या कापितोलिव्का गावातला मुलांसाठी लिहिणारा युक्रेनियन कवी, गाव रशियन सैन्याच्या ताब्यात असताना त्यानं रोजनिशी लिहिली, मार्च २०२२ मध्ये त्याला पकडून नेण्याआधी ती बागेतल्या चेरीच्या झाडाखाली पुरली, आणि त्याला मारून टाकलं गेलं. गाव सुटल्यावर सप्टेंबरमध्ये विक्टोरिया आमेलिना या लेखिकेनं ती खणून काढली आणि खारकिवच्या साहित्य संग्रहालयाकडे दिली. पुस्तक २०२३ मध्ये आलं, प्रस्तावना आमेलिनाची. त्याच वर्षी जूनमध्ये क्रामातोर्स्कच्या एका रेस्टॉरंटवर रशियन क्षेपणास्त्र पडलं, आमेलिना तिथे होती, १ जुलैला ती गेली. ही रोजनिशी वाचून झाल्यावर मग परागंदा रशियन कवयित्रींच्या कविता हातात घ्या, आणि प्रत्येक कवितेखालची तारीख बघा, २०१४ ची आहे, २०२२ ची आहे की त्यानंतरची.